सुरमईचं बहुमत

जेद्द्यातल्या त्या खोलीत पाच जण राहत. पाचही रत्नागिरीकडचे, म्हणजे मतं किमान सहा. महिन्याभरात मेसचा मॅनेजर तीनदा बदलला, तेव्हा वैतागून त्यांनी ठरवलं की आता थेट मतदानाने प्रेसिडेंट निवडायचा आणि सहा महिने त्याला कुणी हलवायचं नाही. मात्र जेवणाचा बेत तीन मतांशिवाय पास होणार नाही.

मोहियुद्दीन दोन मतांवर निवडून आला. एक त्याचं स्वतःचं, दुसरं सिराजचाचांचं. बाकी तिघांनी आपापल्यालाच मत दिलं होतं. मोहियुद्दीनला सत्तेची हाव नव्हती. त्याला फक्त जुम्म्याच्या दुपारी नारळाच्या रसातलं सुरमईचं कालवण हवं होतं. दोन वर्षं दर शुक्रवारी कोंबडी खाऊन त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

पण तिसरं मत आणायचं कुठून? तीन शुक्रवार बेत आपटला आणि प्रेसिडेंटसकट सगळ्यांनी दह्याशी खुबूसची अरबी रोटी खाल्ली. खुर्ची मात्र भक्कम होती.

शेवटी तो विरोधातल्या तिघांपैकी हम्मादकडे गेला.

"देतो मत," हम्माद म्हणाला. "पण काटे नकोत. आणि एसीचा रिमोट माझ्याकडे."

"दिला! यल्ला, पास!"

हे सिराजचाचांच्या कानावर गेलं. "त्याला रिमोट, आणि मी काय फुकटचा? मला नारळ बंद आहे. नारळ काढ, नायतर पाठिंबा खलास!"

नारळ गेला. मग हम्मादला आठवलं की मासळीचा वास दोरीवरच्या शर्टांना लागतो. मासळीही गेली. चाचांनी तिखट काढायला लावलं. पातेल्यात उरली हळद आणि आमसुलं. त्यात डाळ घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शुक्रवारी 'सुरमईचं कालवण' तीन विरुद्ध दोन मतांनी दणक्यात मंजूर झालं आणि ताटात वरण आलं.

सरकार सहा महिने टिकलं. शेजारच्या खोलीतले लोक येऊन स्थैर्याचं कौतुक करून गेले. मोहियुद्दीन हसून आभार मानायचा आणि मनातून रडकुंडीला यायचा.

पुढच्या निवडणुकीत तो सपशेल पडला. दोन मतांवर विरोधातला शारीक आला. या खोलीत मासळी शिजू देणार नाही म्हणणारा शारीक. संध्याकाळी तोच चहाचा कप घेऊन मोहियुद्दीनच्या खाटेपाशी उभा राहिला.

"मोहियुद्दीनभाई, एक मत कमी पडतंय. हम्माद आणि चाचा लय मागतात हो."

"मी एकच मागतो," मोहियुद्दीन म्हणाला.

शुक्रवारी दुपारी रत्नागिरीहून त्याच्या बायकोचा, खतीजाचा, फोन आला. "अवो, तुमी हरलाव ना? मग येवढे खुशीत कसे?"

मोहियुद्दीनने तोंडातला काटा अलगद ताटाच्या कडेला ठेवला.

"हरलो, म्हणून तर जेवतोय."