अभेद्य रबर आणि बनावट गळती

कपडे धुण्याच्या मशीनच्या दाराला बसणारं जगातलं सर्वांत चांगलं रबर आपल्या घरामागच्या शेडमध्ये तयार होतं, याबद्दल वायसरच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अडचण एवढीच, की जगाला ते माहीत नव्हतं. वायसर हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. उभा जन्म नळांचे आणि पंपांचे वायसर कापण्यात गेला, म्हणून ते त्याला चिकटलं. आता त्याने स्वतःचा साचा करून ‘अभेद्य’ नावाचं रबर काढलं होतं. त्याच्या खोक्यांनी आधी शेड भरली, मग पलंगाखालची जागा. पलंगाखाली मावेनासं झालं की मी माहेरी जाईन, असं बायकोने शांतपणे सांगून ठेवलं होतं.

फोनवर मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा एक मोठा ग्रुप होता. त्यात शिरल्या शिरल्या वायसरने जाहिरात टाकली. खोक्याचा फोटो, खाली गुलाबाची फुलं, त्याखाली जोडलेले हात. चहा गार व्हायच्या आत ती उडाली. ग्रुप चालवणाऱ्या निवृत्त इंजिनियर बाईंनी लिहिलं, “इथे जाहिरात चालत नाही. कुणी विचारलं तर जरूर सांगा, पण आपण विक्रेते आहोत हे आधी सांगा.”

“कुणी विचारलं तर,” वायसर मेहुण्याला म्हणाला. “मग तू विचार.”

“दाजी, माझ्याकडे मशीनच नाही. माझे कपडे ताईच धुते.”

“मशीन कशाला हवं? दारातून पाणी गळतं, रबर कोणतं घेऊ, एवढंच लिही. मग मी म्हणतो, अभेद्यचं बरंच चांगलं ऐकलंय बुवा.”

मेहुण्याने कॉलेजात नाटकं गाजवली होती, हे वायसर विसरला. एवढंच लिहून मेहुण्याचं भागेना. पाणी शेजाऱ्यांच्या घरात शिरतं, शेजारी भांडायला येतात, म्हातारी आई घसरून कंबर धरून बसली आहे, असं सगळं त्याने लिहिलं. ग्रुप हेलावला. वायसरचं ‘अभेद्य’ टाइप होईपर्यंत उत्तरांची रीघ लागली. रबर बदलू नका, आधी मशीन डुगडुगतं का बघा. बिजागरी तपासा. आईंना गरम पाण्याने शेका. एका मेकॅनिकने तर पत्ता मागून घेतला आणि रजा टाकून तो निघाला. मेहुण्याने पत्ता अर्थातच ताईचा दिला. शेवटी बाईंनीच लिहिलं, “नेमकं कुठून गळतं त्याचा व्हिडिओ टाका.”

“आता काय करायचं?” मेहुण्याने विचारलं.

“आता गळवायचं,” वायसर म्हणाला.

बायको भाजी आणायला बाहेर पडताच दोघं तिच्या मशीनला भिडले. दाराला अभेद्यच होतं, आणि ते काही केल्या निघेना. वायसरने स्क्रू-ड्रायव्हर घालून मशीनला गुडघा टेकवला, मेहुण्याने मागून त्याची कंबर धरून ओढली. बऱ्याच झटापटीनंतर एक कड सुटली आणि दोघं कपड्यांच्या टोपलीत पडले. मशीन सुरू केलं. थेंब थेंब गळेल असा अंदाज होता. पण पाणी असं उसळलं, जणू आत कोंडल्याचा राग काढत होतं. मेहुणा स्टुलावर चढून व्हिडिओ घेत राहिला. पाणी शेजारच्या खोलीत शिरलं आणि पलंगाखालून ‘अभेद्य’ची खोकी एकामागून एक तरंगत बाहेर आली.

दारात भाजीची पिशवी घेऊन बायको उभी होती.

“अहो, तुमच्या त्या अभेद्यने माझं घर बुडवलं,” ती अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली.

मेहुणा घाईघाईने स्टुलावरून उतरायला गेला, बोट भलतीकडे पडलं आणि व्हिडिओ होता तसा ग्रुपवर गेला. “अभेद्य गळतंय,” कुणीतरी लगेच लिहिलं.

वायसरने सगळं सोसलं असतं, पण रबराची बदनामी त्याच्या जिव्हारी लागली. घोटाभर पाण्यात उभा राहून त्याने टाइप केलं, “रबराचा दोष नाही. ते मीच बनवतो आणि मीच उपटलं. प्रश्न मेहुण्याला मीच विचारायला लावला. सासूबाई ठणठणीत आहेत.”

मग बाईंचं उत्तर आलं, “आधी नळ बंद करा.”

गडबडीत ते कुणालाच सुचलं नव्हतं.

तेवढ्यात रजा टाकलेला मेकॅनिक खरंच येऊन पोचला. खरी हकिगत ऐकून तो पोट धरून हसला आणि “आलोच आहे तर,” म्हणत फडकं घेऊन फरशी पुसायला लागला. मग त्याने सुटलेली कड बसवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली आणि तिथेच ओल्यात बसून ग्रुपवर लिहिलं, “हे रबर दोन माणसांना उपटता येत नव्हतं. मिळतं कुठे?”

वायसरचे डोळे भरून आले. कुणीतरी खरोखर विचारलं होतं. “मी विक्रेता आहे,” अशी त्याने सुरुवात केली, पण मजकूर जाईना. बनावट प्रश्नाबद्दल बाईंनी त्याला आठवडाभरासाठी बाहेर काढलं होतं. मेहुण्यालाही.

बायकोने हात पुसले, आपला फोन काढला आणि मेकॅनिककडून लिंक घेऊन ग्रुपमध्ये शिरून लिहिलं, “मी विक्रेत्याची बायको, तेव्हा माझं म्हणणं बेतानेच घ्या. रबर चांगलं आहे. आमच्या पलंगाखाली मिळेल. फक्त विक्रेत्याला मशीनजवळ येऊ देऊ नका.”

बाईंनी तो मजकूर ग्रुपच्या माथ्यावर लावला. वर लिहिलं, “विक्रेत्यांनी असं लिहावं.” बायकोचा फोन टिणटिण वाजायला लागला.

“काय विचारतायत गं?” वायसर मान लांब करून म्हणाला.

“ते ग्रुपमधल्यांसाठी आहे,” ती म्हणाली, आणि ओल्या चादरीचं एक टोक पिळायला त्याच्या हातात दिलं.