मावशी, कप आणि काय-वर्ग

कँटीनमधले कप मावशीच फोडतात, हे मी गणिताने सिद्ध केलं.

वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मी लिहिलेलंही नाही. नव्याने सुरुवात करू.

मी गुप्तहेर. नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची, चाल मांजराची. अख्खं प्राणिसंग्रहालय एका सदऱ्यात मावलेलं आहे. पोटापाण्यासाठी कुलुपांच्या कारखान्यात किल्ल्या तपासतो, पण ही बाब गोपनीय आहे.

एका सोमवारी साहेबांनी बोलावलं. "रोज सकाळी कँटीनमध्ये डोकावतो आणि रोज मोरीपाशी टवका उडालेला कप दिसतो. मावशींना कामावरून काढायचं का, ते सांगा. पण पुराव्यानिशी."

सकाळच्या पाळीत कप मावशी धुतात, दुपारच्या पाळीत काका. मावशींना इथे एकोणीस वर्षं झाली आणि घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. मी भावना खिशात ठेवल्या. खिशाला भोक आहे, ते वेगळं.

"मावशी, तुम्ही डावखुऱ्या?"

"नाही रे."

"म्हणजे लपवताय!"

हा कयास तिथेच वारला. मग मला बशीवाल्यांचा कट दिसला, पण बशा सगळ्या धड होत्या. शेवटी ब्रह्मास्त्र काढलं: काय-वर्ग चाचणी.

"काय वर्ग?" मावशींनी विचारलं.

"हो, तोच."

तत्त्व सोपं आहे. पाळी कोणाची हे एक चल आणि कप धड की फुटका हे दुसरं. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर फुटके कप दोन्ही पाळ्यांत साधारण सारखे निघावेत. खरे आकडे या अपेक्षेपासून जितके लांब जातील, तितका काय-वर्ग मोठा. तो ३.८४ च्या वर गेला, की योगायोगावर ढकलणं अवघड.

धुतलेले कप ठेवायला मावशींची एक आणि काकांची एक फळी आहे; बारा दिवस मी त्या दोन्ही मोजल्या. रोज दहा कप मावशींचे, दहा काकांचे. मावशींच्या एकशेवीसात बारा फुटके, काकांच्या एकशेवीसात दोन. अपेक्षित होते सात-सात. काय-वर्ग आला साडेसातच्या वर. मावशींची साडेसाती अशी गणिताने सुरू झाली.

शनिवारी साहेबांपुढे कागद ठेवला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मावशी ओले हात पुसत उभ्या होत्या.

"बारा कप फुटले?" त्या म्हणाल्या. "माझ्या फळीवर कप दहाच आहेत ना रे?"

मी बोटांवर मोजून पाहिलं. बोटंही दहाच निघाली.

मावशींनी आतून एक कप आणला. कानापाशी टवका. "हा घे तुझा बारा वेळा फुटलेला कप. गेल्या वर्षापासून असाच आहे. लोकांना कसा देऊ? माझा चहा मी यातच पिते. साहेबांना दिसतो तोही हाच."

"मग टाकून का नाही दिलात?" साहेब म्हणाले.

"गळत नाही ना!"

"आणि काकांच्या फळीवरचे दोन?"

"तोही एकच. अकराव्या दिवशी मोजता मोजता याच्याच कोपराने पडला. बाराव्या दिवशी यानेच तो पुन्हा मोजला."

म्हणजे खरे कप वीस. दहात एक, दहात एक. काय-वर्ग शून्य. इतकं गोल शून्य मला शाळा सुटल्यापासून भेटलं नव्हतं.

साहेबांनी टोपण पुन्हा लावलं. "मावशी, तुम्ही जा, चहा टाका. आणि गुप्तहेर, महिनाभर दुपारचे कप तुम्ही धुवायचे."

त्याच दुपारी, मोरीपाशी उभा राहून, मी पुढील अर्ज केला:

"महोदय, अर्जदार व अर्जदाराचा उजवा कोपर ही दोन चले परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र असल्याचे प्रमाणपत्र मिळावे. तसेच कप धुण्याची शिक्षा केवळ कोपरास लागू करून अर्जदारास वेळेवर घरी सोडण्यात यावे, ही नम्र विनंती."