निम्मी ऊब

दत्ताराम कदमांनी मला फसवलं. मला, म्हणजे ज्याने सौदीतल्या तबूकच्या बाजारात पाठीवर कपाटं वाहून जुन्या फर्निचरचं स्वतःचं दुकान उभं केलं आणि ज्याच्याशी सौदा करायला मुरलेले दलालही जरा कचरतात, त्याला. कदम आता जुबैलला असतात आणि मजेत आहेत, असं ऐकतो.

हा माणूस भर ऑगस्टात घर तापवायची भट्टी पेटवायचा. बाहेर अंगण तापलेलं, आत एसी धापा टाकतोय आणि भिंतीतल्या जाळीतून गरम हवेचा झोत तोंडावर. मी तणतणत मागच्या शेडमध्ये जायचो. कदम भट्टीसमोर उकिडवे बसलेले असायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या मोटरीवर आणि मूठ कानाला लावून.

"मिस्त्री, डोकं फिरलं का तुमचं?"

"शेठ, जरा गप. बेअरिंग बोलतंय."

"काय बोलतंय?"

"तुमच्याबद्दल काही नाही."

मी श्रीवर्धनचा. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायावर चादर ओढायची. तबूकला मात्र डिसेंबरात अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरतो. आमचं घर कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या सौदी मालकाचं. पूर्वी तिथे कुणी परदेशी इंजिनीअर राहायचा, त्याने डिझेलची भट्टी बसवून घेतली होती. भट्टीतली गरम हवा पत्र्याच्या नळांतून खोल्यांत जायची. पुढे कफीलने खोल्या आणि नळ वाढवले, मध्ये भिंत घातली आणि एका घराची दोन केली. एकात मी आणि माझी बायको रुकैया, दुसऱ्यात कदम. ते कराडकडचे, कफीलच्या वर्कशॉपमध्ये फिटर, एकटे.

आमची सना सातव्या महिन्यातच जन्मली. हॉस्पिटलमधून घरी सोडताना मलयाळी नर्सने रुकैयाला बजावलं, खोली गार पडू देऊ नका, हिवाळ्यात फार जपा. त्या संध्याकाळी मी कदमांकडे गेलो आणि सौदा मांडला. डिझेल माझं, देखभाल त्यांची, ऊब निम्मी-निम्मी. ते लगेच "चालेल" म्हणाले. तिथेच मला वास यायला हवा होता. जो घासाघीस करत नाही, त्याच्या मनात काहीतरी असतंच.

देखभाल ऑगस्टात सुरू व्हायची ती दसऱ्यापर्यंत. डिझेलचा फिल्टर बदलायचा, पंख्याचा पट्टा ताणायचा, काजळी खरवडायची. नोझल ते दात घासायच्या ब्रशने घासत. ब्रश दोन असावेत, अशी मला आशा आहे. एकदा धुराड्यात कबुतराने घरटं केलं. मी काठी घेऊन निघालो तर मिस्त्री आडवे आले.

"बाळंतीण आहे, शेठ. तिला यल्ला, चल नीघ, असं म्हणता येत नाही."

पिल्लं उडेपर्यंत काम बंद. मी रोज आकाशाकडे बघून त्या कबुतराला शिव्या घालायचो.

खंडेनवमीला भट्टीची पूजा. या मुलुखात हे उघड करता येत नाही, म्हणून हळदकुंकवाची बोटं भट्टीच्या झाकणाला आतल्या बाजूने लागायची. नारळ मी आणून द्यायचो. तो कशाला हवा, हे मी विचारत नसे आणि त्यातलं खोबरं खायला विसरतही नसे.

मग थंडी पडायची आणि माझा संशय जागा व्हायचा. हे रोज संध्याकाळी आमच्या दारात येऊन विचारणार, "तापतंय ना?" रुकैया म्हणायची, "कदमभाऊ, आत या ना." तर म्हणे, "नको वहिनी, बूट काळे आहेत." स्वतःच्या खोलीत मात्र हिवाळाभर कुणाला पाऊल टाकू द्यायचे नाहीत. मी गेलो की दार वीतभर उघडायचं आणि फटीत कानटोपी दिसायची.

"आत पसारा आहे, शेठ."

मी ओळखलं. ऊब निम्मी नाही, या माणसाने मोठा वाटा आपल्याकडे वळवलाय. रुकैयाला तसं बोललोही. ती म्हणाली, "तुम्हाला तर आईच्या दुधातही पाणी दिसलं असतं." सना तेव्हा रांगत होती, गालांवर लाली धरत होती. दुसऱ्या हिवाळ्यात ती भिंत धरून उभी राहिली. पण सौदा तो सौदा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कदमांची जुबैलला बदली झाली. जाताना फिल्टर कुठे मिळतो ते मला तीनदा सांगितलं. थंडी सुरू झाल्यावर मी कफीलकडून त्यांच्या खोलीची किल्ली मागून घेतली. बेत सरळ होता. ती खोली जास्त तापत असणार, तर ती आपल्याकडे घ्यायची आणि सनाला तिथे झोपवायचं. भट्टी पेटवली, त्यांच्या खोलीत जाऊन जाळीखाली बसलो आणि वाट पाहिली. माझे पाय बधिर झाले तरी जाळी थंडगार.

जाळी उघडली. आत नळाच्या तोंडावर पत्रा ठोकलेला होता आणि पत्र्यामागे ऊब अडवायचा काचेचा कापूस ठासून भरलेला. पत्रा जुना होता, कडांना गंज चढलेला. मी भट्टीकडे गेलो, पंखा पाहिला. एवढ्याशा पंख्याने दोन घरं तापणं शक्यच नव्हतं. ऊब एकाच घरापुरती होती.

मी तिथूनच मोबाइल लावला.

"मिस्त्री, तुमच्या नळावर पत्रा कुणी ठोकला?"

"तुम्ही त्या खोलीत कशाला गेलात?"

"आधी उत्तर द्या."

"मीच ठोकला."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी नवा भाव करत बसला असतात. तेवढ्यात पोरगी गारठली असती." आणि मग, "चालते का आता?"

"धावते," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन हिवाळे हा माणूस भिंतीपलीकडे कानटोपी घालून कुडकुडत बसला आणि मी इकडे बनियनवर फिरत त्याला चोर ठरवत होतो. माझ्याशी इतका वाईट व्यवहार आजवर कुणी केलेला नाही. मी निम्मं मागितलं होतं. उरलेलं निम्मं माझ्या गळ्यात कुणाच्या परवानगीने घातलं? न मागितलेला माल मी ठेवून घेत नाही, आणि हा परत कसा करायचा तेही मला कळत नाही. कदमांनी सुट्टी काढावी, तबूकला यावं, काळे बूट घालूनच आमच्या खोलीत जाळीखाली बसावं आणि सनाच्या देखत मला याचा जबाब द्यावा.