इवाईंना झालेला मायसेटिझम

योगराजने पिशवी ओट्यावर उलटी केली आणि ईश्वरदासांनी चष्मा पुसून घेतला. वारुळाशेजारी उगवणाऱ्या सात्या, म्हणजे रानातली पांढरीशुभ्र भूछत्रे, मेहुण्याने बोदलकशाच्या जंगलाकडून खास आणली होती. दुपारी ईश्वरदासांच्या मुलीचे, अंजूचे, होणारे सासरे, म्हणजे इवाई (व्याही) लीलाधर, लग्नाची तारीख ठरवायला फुलचूरला त्यांच्या घरी जेवायला येणार होते.

“कोठून काढल्यास?” ईश्वरदासांनी विचारले.

“रानातून.”

“रान मोठे आहे.”

“मंग मोठ्या रानातून समजा, भाऊजी.”

सात्यांची जागा सख्ख्या बहिणीलाही सांगायची नाही, ही तिकडची रीत. योगराजला ती जागा त्याच्या बापाने एकट्याला नेऊन दाखवली होती.

ईश्वरदास पस्तीस वर्षे तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत निदेशक होते. नवा नळसुद्धा ते तपासणीशिवाय उघडत नसत. त्यांनी जाडजूड वैद्यकीय कोश काढला आणि वहीत नोंद केली : ‘मायसेटिझम. भूछत्रे खाल्ल्याने होणारी विषबाधा. मूळ ग्रीक शब्द मायकेस, अर्थ भूछत्र. लक्षणे : घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी.’

“जमुना, ही भाजी रद्द.”

“मंग तुमचं पुस्तकच शिजवतो,” जमुनाबाई म्हणाल्या. “माहा बाप जिंदगीभर सात्या खाऊन राहिला. नव्वदीत गेला.”

“कशाने?”

“बैलानं मारलं.”

भाजी झालीच. लीलाधरांनी ती तीनदा मागून घेतली. ईश्वरदास स्वतःच्या ताटाला हात न लावता घड्याळ समोर ठेवून बसले होते. बाविसाव्या मिनिटाला लीलाधरांच्या कपाळावर घाम आला, डोळे पाणावले आणि ते ओठ पुसू लागले.

“इवाईजी,” ईश्वरदास गंभीरपणे म्हणाले, “तुम्हाला मायसेटिझम झाला आहे.”

लीलाधरांचा घास हातातच राहिला. “म्हंजे काय?”

“शब्द मूळचा ग्रीक. मायकेस म्हणजे…”

“अवो, मानूस घाबरून राहिला, अन् तुमी शब्द सोलून राहिले!” जमुनाबाई ओरडल्या.

शब्द पूर्ण सोलून होईपर्यंत लीलाधरांना खरोखरच मळमळू लागले. विषाचे नाव एवढे, तर विष केवढे असेल! अंजूने ऑटो बोलावला. मुलीच्या घरचे जेवण इवाईंना बाधले, ही बातमी त्यांच्या गावी पोहोचली की सोयरिक संपलीच, हे दवाखान्यात पोहोचेपर्यंत जमुनाबाईंनी नवऱ्याला सात वेळा ऐकवले.

डॉक्टरांनी सलाईन लावून घेतली. “फूड पॉयझनिंग दिसतं.”

“मायसेटिझम,” ईश्वरदासांनी दुरुस्ती केली.

“नाव काहीही असू द्या, काका. ही भूछत्रं उगवली होती कुठे? त्यावरून विष कोणतं ते कळेल.”

सगळ्यांनी योगराजकडे पाहिले.

“वारुळाजवळ.”

“कोणत्या वारुळाजवळ?”

“मातीच्या.”

“योगू,” जमुनाबाई कळवळून म्हणाल्या, “पोरीचं लगन मोडून राहिलं! काऊन तोंड शिवून बसला?”

“बाई, पोरगं दुसरं पाहू. जागा दुसरी कोठून आनू?”

ईश्वरदास नाडी मोजायला पडद्याआड गेले. लीलाधरांनी झटकन त्यांचेच मनगट धरले.

“इवाईजी, मले काहीच नाही झालं,” ते कुजबुजले. “भाजी तिखट होती. मंग तुमचा शब्द ऐकून पोटात गोळा आला. आता तोही उतरला.”

“मग उठा!”

“कायले? जागेची गोष्ट निघाली, तवा म्हटलं आनखी थोडा पडून राहतो. मले वाटलं, तुमचा साळा आता सांगतेच. तुमी तेवढी जागा काढा. लग्नाची तारीख आजच पक्की.”

ईश्वरदासांनी उभ्या हयातीत खोटी नोंद केली नव्हती. त्यांनी नाडी मोजली, बहात्तर, घड्याळासारखी. मग दारापाशी रडवेली होऊन उभी असलेली अंजू त्यांना दिसली. ते बाहेर आले.

“योगराज, नाडी फार मंदावली आहे,” ते खाली मान घालून म्हणाले. “आता सगळे तुझ्या हाती.”

योगराजने गमछ्याने तोंड पुसले आणि तोडगा काढला.

“भाऊजी, इवाई मेले तर त्यायच्या कानात सांगतो. जित्या मानसाले नाही.”

पडद्याआडून खणखणीत आवाज आला, “मंग मेलो समजा! ये लवकर!”