कंसात अडकलेला ताप

"कंस जपून टाक हं," ऑफिसातली शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझा प्रोग्राम बघून म्हणाली होती. "ओळ अख्खी जुळते, पण पायथॉन हातात देतो फक्त कंसातलं."

"जुळली म्हणजे झालं," मी म्हणाले. दीड वर्षाच्या लेकीची आई आहे मी, मला कोण शिकवणार!

पाळणाघराच्या मावशी रोज दुपारी बारा मुलांचा मिळून एकच लांबलचक निरोप पाठवतात. त्यात आपलं मूल शोधायचं म्हणजे डाळीतला खडा. मी ठरवलं, लेकीच्या ओळीतलं दुखणं-खुपणं पायथॉनमधल्या छोट्या प्रोग्रामने वेचावं आणि थेट घरच्या ग्रुपवर टाकावं. ताप, खोकला, उलटी यांपैकी काहीही, आणि त्यापुढचा शब्द. तिन्ही शब्दांची मोट बांधायला मी कंस टाकला. हौसेने.

मावशींनी लिहिलं, 'ताप नाही, खोकला नाही, उलटी नाही.' सगळं जुळलं. 'नाही'सुद्धा जुळलं, पण ते कंसाबाहेर होतं, म्हणून बाहेरच राहिलं. ग्रुपवर गेलं, 'ताप, खोकला, उलटी.'

मी मीटिंगमध्ये, फोन पर्समध्ये. बाहेर येऊन बघते तर एकोणीस मिस्ड कॉल. नवऱ्याला लावला.

"कुठेयस? मी पाळणाघरात आलोय, आईपण आहे. आणि ही तर मजेत केळं खातेय."

मागून सासूबाई, "खातेय म्हणून काय झालं? डोळे बघ कसे मलूल."

"झोपेतून उठवलंत ना तिला," म्हणत मावशींनी फोन घेतला. "ताई, मी लिहिलं काय, तुम्ही पसरवलंत काय? तुमची धावपळ बघून दुसऱ्या दोन मुलांच्या आया आपापली मुलं उचलून घेऊन गेल्या. आता घरचं आणखी कुणी दारात आलं, तर उद्यापासून लेक घरीच सांभाळा."

या पाळणाघरासाठी सात महिने थांबलो होतो आम्ही. मी चारदा माफी मागितली. मैत्रिणीने येऊन कंसाच्या तोंडाशी प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम टाकला. आता कंस नुसता मोट बांधतो, वेचत नाही.

जीव भांड्यात पडतोय तोच नवऱ्याचा फोन. "अगं, बाबा कुठेयत?"

सासऱ्यांनीही ग्रुप वाचला होता. फोन घरीच, वाफेचं यंत्र मात्र जागेवर नाही. दहा मिनिटांचा रस्ता, निघून पाऊण तास झालाय.

तेव्हा तुमच्या गल्लीत कुणी उंच आजोबा बगलेत वाफेचं यंत्र धरून पाळणाघर शोधत असतील, तर जरा बघा हो. बसवा, पाणी द्या, धाप लागलीय का विचारा. पत्ता तेवढा सांगू नका.