साडूच्या तळ्यापेक्षा मोठं तळं

“त्यांच्यापेक्षा मोठं तळं दुपारपर्यंत खणून दाखवतो,” चष्मेवाल्याने बायकोला ऐकवलं आणि कुदळ घेऊन तो परसात उतरला.

साडूने घरामागे छोटंसं तळं केलं होतं. त्यात मासे सोडले होते. बायको बहिणीकडे जाऊन आली तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. “भाऊजींनी एकट्याने खणलं हो!” हे वाक्य तर चष्मेवाल्याच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. आज दोघं जेवायला यायची होती. त्यांना तळं दिसायलाच हवं होतं.

शेजारच्या मास्तरांनी कुंपणावरून डोकावून विचारलं, “खालून काय काय गेलंय, चौकशी केलीत का? पाणीखात्याला कळवलं की माणूस येऊन खुणा करून जातो.”

“साडूने केली असेल का चौकशी?” चष्मेवाला गुरगुरला आणि त्याने आणखी जोरात घाव घातला.

खड्डा गुडघाभर झाला आणि कुदळ कशात तरी खचकन रुतली. ती उपसताच पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या चष्म्यावर आली. गडबडून त्याने भोकावर टाच दाबली. धार दबली, पण झिरपणं थांबेना. बघता बघता पाणी पोटरीपर्यंत चढलं.

नेमकी तेव्हाच बायको पाहुण्यांना घेऊन मागे आली.

“अगंबाई, भरलंसुद्धा?” तिचा चेहरा असा उजळला की खरं सांगायला त्याची जीभ रेटेना.

साडू कौतुकाने म्हणाला, “मला चार दिवस लागले होते. तुम्ही आत काय करताय?”

“तळ चोपून घेतोय. पायानेच नीट बसतो.”

“जेवायला चला ना.”

“तुम्ही बसा. मी आलोच.”

तो येणार कसा? आतून ताटवाट्यांचा आवाज येऊ लागला. मेहुणी खळखळून हसली. बायको साडूला आग्रह करकरून वाढत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतका आग्रह आपल्याला कधी झाला हे तो चिखलात एका पायावर उभा राहून आठवत राहिला.

मास्तर पुन्हा उगवले. हातात रिकामी बादली होती. “आमच्या नळाला नुसता वारा येतोय हो. तुमच्याकडे आहे पाणी?”

आवाज ऐकून साडू हात पुसत बाहेर आला. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग चष्मेवाल्याच्या रुतलेल्या टाचेकडे. त्याने मास्तरांना जागा विचारून फाटकाबाहेरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पाणीखात्याला फोन लावला.

“काढा आता पाय,” तो हात देत म्हणाला. “माझंही असंच झालं असतं. खणायच्या आधी पाणीखात्याला विचारलं म्हणून वाचलो. त्यांनी खुणा केल्या तर मधोमध पाइप निघाला, मग जागा बदलली.”

“भाऊजी सगळं कसं विचारून करतात,” बायको दारातून म्हणाली.

चष्मेवाला निथळत वर आला. साडूच्या तळ्याचा, माशांचा, आग्रहाचा हेवा करून झाला होता. आता त्याने पाणीखात्याला केलेल्या फोनचाही करायचा राहिला होता.