आठ जीबीची चोरी

लातुरातले सगळे चोर आपल्या धाकानं नांदेडला पळाले, असं चन्नबसप्पा गुप्तहेर स्वतःबद्दल सांगायचे. दिल्लीहून बोलावणं येतं, पण लातूरकरांना वाऱ्यावर सोडवत नाही, असंही सांगायचे. त्यांचा मदतनीस तय्यब तेवढा वेळ चहा ढवळत राही. चोरांना साहेबांचं नावसुद्धा ठाऊक नाही, हे सांगून कुणाचं भलं होणार होतं?

त्या दिवशी दोघं ट्यूशन एरियात आरतीच्या गेमिंगच्या दुकानात पोचले. पोरगी रडकुंडीला आली होती.

"काका, चारी कंप्युटरवर गेम अडकायलीय. मेमरी कमी म्हणतंय. ग्राफिक्स कार्ड देताना दुकानदार म्हणला, आठ जीबी लई झाली. आता म्हणतोय, सोळावालं घे. आणू कुठून? आई म्हणती, सोमवारपर्यंत चाललं न्हाई तर दुकान बंद कर, गप डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या रिपीटर बॅचला बस."

चन्नबसप्पांनी भिंग काढून की-बोर्ड तपासला.

"आठ होती, आता न्हाई. म्हणजे चोरी. चारी ठिकाणी एकदम, म्हणजे टोळी. आणि या गल्लीत मेमरी कुणाला लागती? पोरांना! पाठांतराला!"

"साहेब, ती मेमरी डोक्यात भरता येत न्हाई," तय्यब म्हणाला.

"म्हणूनच तर पोरं नापास होतात."

मग चन्नबसप्पांना भूकंप आठवला. मागं औशाकडं जमीन जराशी हालली होती. त्या हादऱ्यानं मेमरी कार्डातून खाली सांडली असणार, म्हणून ते फरशीला कान लावून पालथे पडले.

तय्यबला पोरीची दया आली. "बाई, हे कधीपासून चालायलंय?"

"दसऱ्यापासून."

तेवढ्यात आरतीची आई शिवकांता डबा घेऊन आली आणि गुप्तहेराला ओलांडून आत शिरली.

"दसऱ्याला काय झालं? खंडेनवमीला मी सोता चारी कंप्युटर पुजले. स्क्रीनच्या वायरी काढल्या, पुसल्या, हळदकुंकू वाहिलं, परत लावल्या."

"कुठं लावल्यास?" आरतीनं विचारलं.

"वरच्या भोकात. खालच्यात झेंडू खोवला होता. देवाचं फूल काढावं का, तूच सांग!"

आरती खाली बसली. वरचं भोक कंप्युटरचं स्वतःचं, कार्डाचं खालचंच. तिनं सुकलेला झेंडू काढून वायर तिथं लावली, अन् गेम सुसाट सुटली. स्क्रीन कार्डाला जोडलेलीच नव्हती. दसऱ्यापासून कार्ड नुसतं बसून होतं. आठ जीबी भरपूर होती.

"माझा पहिल्यापासून झेंडूवरच संशय होता," फरशीवरून आवाज आला.

आरतीचे डोळे भरले. "आई, तुझ्यापायी दुकान बुडत होतं, आन् रिपीटरला मी बसायचं?"

चुकलं म्हणायची शिवकांताला सवय नव्हती. तिनं पदर खोचला आणि दारात जाऊन उभी राहिली. समोरून पोरांचा घोळका क्लासला निघाला होता.

"ए पोरांनो, या की! चालू झालंय! क्लास काय, उद्या बी हाय!"